झाकणाला भोक म्हणजे व्हेंट नव्हे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

घरी बांधल्या जाणाऱ्या हलक्या विमानांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. सांगाडा, रिव्हेट, कापड, रंग, इंजिन यांवर त्यात भरपूर आणि बरेचसे बरोबर लिहिले आहे. इंधनटाकीच्या व्हेंटवर, म्हणजे टाकीत हवा येण्याच्या वाटेवर, मात्र एकच वाक्य आहे : झाकणाला बारीक भोक पाडले की काम भागते. हे वाक्य प्रमाण मानून कुणी ड्रिल हातात घेऊ नये, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे; पण या एका नळीबद्दल नेहमी एका ओळीतच लिहिले जाते आणि त्यातूनच घोळ होतात.

टाकीतून जेवढे पेट्रोल बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. तेलाच्या डब्याला दुसरे भोक पाडल्याशिवाय धार नीट येत नाही, त्यातलाच प्रकार. चूक होते ती पुढे. शंभर अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला २५ ते २७ लिटर पेट्रोल घेते, म्हणजे मिनिटाला अर्ध्या लिटरहूनही कमी. एवढी हवा २ मिमीच्या भोकातूनसुद्धा विनासायास जाते. त्यामुळे भोकाचे झाकण लावून जमिनीवर इंजिन तासभर चालवले तरी ते कुरकुरत नाही आणि बांधणाऱ्याची खात्री पटते. हवा पुरते की नाही याची चिंताच नको. उडत असताना त्या भोकाच्या तोंडाशी दाब किती असतो, ते पाहायला हवे.

उंच पंखाचे (पंख केबिनच्या वर असलेले), पंप नसलेले, पेट्रोल उतारानेच इंजिनात येणारे विमान घ्या. टाकीतल्या पातळीपासून कार्ब्युरेटरपर्यंत उभे अंतर समजा ५० सेमी आहे. पेट्रोलची घनता ०.७२ धरली तर या स्तंभाचा दाब सुमारे ३.५ किलोपास्कल होतो. पेट्रोल ढकलायला तुमच्याकडे एवढेच बळ आहे, त्यातूनच गाळणी, कोपरे, व्हॉल्व्ह यांचा अडथळा पार करायचा. आता १०० नॉट वेगाला, म्हणजे सेकंदाला ५१ मीटरला, समोरून येणाऱ्या हवेचा गतिज दाब १.६ किलोपास्कल असतो. पेट्रोलच्या भाषेत हा २३ सेमीचा स्तंभ. व्हेंटचे तोंड या हवेकडे नीट वळवले तर तुमचे ५० सेमी ७३ होतात. पण पंखाच्या वरच्या पृष्ठभागावर हवेचा दाब कमी असतो आणि पुढच्या भागात ही ओढ गतिज दाबाइतकी, कधी त्याहून जास्त असते. झाकण नेमके तिथेच बसलेले असते. तिथे भोक पाडले की ५० चे २७ सेमी उरतात. तेच विमान, तीच टाकी, फरक फक्त भोक कुठे आहे एवढाच.

चढताना हिशेब आणखी आवळतो. पंखातली टाकी कार्ब्युरेटरच्या मीटरभर मागे असेल आणि नाक १५ अंश वर असेल, तर कार्ब्युरेटर टाकीच्या तुलनेत सुमारे २६ सेमी उचलला जातो. म्हणजे ५० मधले २४ सेमी शिल्लक. ६० नॉटला गतिज दाब फक्त ८ सेमी पेट्रोलएवढा असतो खरा, पण हल्ल्याचा कोन (पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन) वाढलेला असल्याने पंखावरची ओढ त्याच्या दीडपट-दुपटीने सहज जाते. म्हणजे आणखी १२ ते १६ सेमी गेले. पूर्ण थ्रॉटल, जमीन जवळ, आणि पेट्रोल ढकलायला उरले वीतभराहून कमी. झाकणातल्या भोकाची खरी परीक्षा इथे होते आणि ती हँगरसमोर उभे राहून घेता येत नाही.

कुणी म्हणेल, पायपर जे-३ कबला तर झाकणातच भोक असते, आणि ते विमान १९३८ पासून उडते आहे. असते. पण कबची टाकी नाकात, पायलटच्या पुढ्यात आहे. तिचे झाकण पंखावर नाही, विंडशील्डच्या पुढे आहे, आणि पातळी दाखवणारी बुचाच्या तरंगत्या तुकड्याची तार त्याच भोकातून वरखाली होते. तिथला हवेचा दाब वेगळा, टाकी इंजिनला लागून, चढताना पेट्रोलच्या स्तंभाची उंची गमावण्याचा प्रश्न फारसा नाही. तो उपाय उचलून पंखावर नेला तर तो उपाय राहत नाही. सेस्ना १७२ चे व्हेंट पाहा : डाव्या पंखाखाली, स्ट्रटच्या (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांडीच्या) अगदी मागे नळी बाहेर येते. स्ट्रटच्या आडोशाने बर्फ थेट तोंडावर बसत नाही आणि दाबही हवा तसा मिळतो. ती नळी वाकली किंवा तिची जागा थोडी सरकली तरी दोन टाक्या असमान रिकाम्या होऊ लागतात, म्हणूनच देखभालीत तिची जागा मोजून तपासतात.

आता व्हेंट पूर्ण बंद झाले तर काय होते ते पाहू, कारण इथेही सर्वसाधारण समजूत उलटी आहे. भरलेली टाकी सुरक्षित आणि अर्धी धोक्याची, असे मनात असते. बंद व्हेंटच्या बाबतीत भरलेली टाकी आधी दगा देते. टाकीत वर ५ लिटर हवा आहे आणि तुम्ही ३०० मिली पेट्रोल ओढले, तर तीच हवा ५.३ लिटर जागेत पसरते. पेट्रोलच्या वाफेचा दाब त्यातून वजा धरला तरी टाकीतला दाब साधारण साडेतीन किलोपास्कलने उतरतो, म्हणजे आपला ५० सेमीचा स्तंभ संपूर्ण खाऊन टाकतो. पूर्ण थ्रॉटलवर हे ३०० मिली एका मिनिटाच्या आत जातात. हवा २५ लिटर असती तर दीड लिटर ओढेपर्यंत वेळ मिळाला असता. पातळ पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या टाकीच्या भिंती आत दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी जास्त सवड मिळते. पण अर्ध्या चौरस मीटरच्या सपाट बाजूवर एक किलोपास्कलच्या फरकाने ५० किलोचा भार येतो. टाकी चेपते, शिवण सुटते, आतला फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता तुकडा) अडकतो.

जमिनीवर मंदगतीने इंजिन तासाला तीन-चार लिटर घेते. ३०० मिली संपायला पाच-सहा मिनिटे लागतात आणि तोवर विमान जमिनीवरून चालवत तुम्ही धावपट्टीच्या टोकाशी आलेले असता.

याहून फसवी गोष्ट म्हणजे उंची. समुद्रसपाटीजवळ दर ३०० मीटरला बाहेरचा दाब सुमारे ३.५ किलोपास्कलने कमी होतो. व्हेंट बंद असताना विमान चढू लागले की बाहेरचा दाब घटत जातो, आणि टाकीतली पोकळी त्याच्या तुलनेत पोकळी राहत नाही. इंजिन चढताना सुरळीत चालते. उतरताना उलटे होते : ६०० मीटरवरून ३०० वर आलात की बाहेरचा दाब तेवढ्याच ३.५ किलोपास्कलने वाढतो आणि ५० सेमीचा स्तंभ शून्यावर येतो. म्हणजे इंजिन बंद पडते ते उतरण्याच्या तयारीत, कमी उंचीवर. अशा वेळी शंका कार्ब्युरेटरमधल्या बर्फावर जाते, कारण लक्षणे तीच : शक्ती हळूहळू कमी होणे, खरखर, मग शांतता. खाली उतरल्यावर झाकण उघडले की हवा आत जाते, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होते आणि दोष सापडत नाही.

पंप असलेल्या कमी-पंखाच्या (पंख खाली, बुडाशी असलेल्या) विमानाला वाटते की आपण यातून सुटलो. डायफ्राम पंप टाकीतली बरीच पोकळी ओढून काढतो हे खरे. पण ओढीच्या बाजूला दाब उतरला की गरम पेट्रोल नळीतच उकळते आणि पंप वाफ चघळत बसतो. गरम दिवशी, इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला हा त्रास लवकर होतो. शिवाय पंप टाकी चेपण्याइतका जोर लावू शकतो. म्हणजे कमी-पंखाच्या विमानात व्हेंट बिघडले की इंजिनही जाते आणि टाकीही.

मग व्हेंट कसे असावे? अमेरिकेच्या छोट्या विमानांसाठीच्या भाग २३ नियमावलीच्या २०१७ पूर्वीच्या आवृत्तीत याची नीट मांडणी होती. घरी बांधलेल्या विमानाला ती बंधनकारक नसली तरी तिच्याइतका चांगला तपासणी-तक्ता दुसरा नाही. व्हेंट टाकीच्या प्रसरण-जागेच्या वरच्या भागातून निघाले पाहिजे. ही जागा टाकीच्या क्षमतेच्या किमान २ टक्के हवी आणि पेट्रोल भरताना चुकूनही भरली जाऊ नये. पाणी साठेल अशी खोलगट जागा नळीत नको. सायफन (पेट्रोल नळीतून आपोआप ओढले जाऊन वाहत राहणे) सुरू होता कामा नये. बर्फाने किंवा कचऱ्याने तोंड बुजू नये. बाहेर पडणारे पेट्रोल आगीचे कारण होईल किंवा वाफ केबिनमध्ये शिरेल अशा जागी तोंड नको. आणि ज्या टाक्यांचे निकास जोडलेले आहेत त्यांच्या हवेच्या जागाही एकमेकींना जोडलेल्या हव्यात. हे शेवटचे कलम सर्वांत जास्त विसरले जाते.

दोन टक्के कुठून आले? पेट्रोल दर अंशाला साधारण ०.१ टक्का फुगते. ५० लिटरची टाकी थंड पेट्रोलने काठोकाठ भरली आणि विमान उन्हात २० अंशांनी तापले तर एक लिटर बाहेर येणार. फिलर नेक (पेट्रोल भरण्याच्या तोंडाची नळी) टाकीच्या छतातून थोडी खाली उतरवली की तिच्या काठाच्या वरची हवा कोंडून राहते आणि प्रसरण-जागा आपोआप मिळते. व्हेंटचे आतले टोक मात्र त्या काठाच्या वर, छताला लागून हवे. किती खाली उतरवायची हे टाकीच्या आकारावर आहे. पंखातल्या पसरट टाकीचे छत अर्धा चौरस मीटर असेल तर एक लिटर म्हणजे जेमतेम २ मिमी. तिथे नेक २० मिमी उतरवली तर १० लिटर क्षमता हकनाक जाते. केबिनमागच्या उभट टाकीचे छत ०.१ चौरस मीटर असेल तर तेच एक लिटर १० मिमी होते. आराखड्यातला आकडा दुसऱ्या टाकीला उचलून लावू नका, भागाकार करा.

टाकीचा सर्वांत उंच बिंदू कोणता, हे कागदावर दिसते तितके सरळ नसते. पंखाला डायहेड्रल असेल, म्हणजे त्याचे टोक मुळापेक्षा उंच ठेवलेले असेल, तर टाकीचे बाहेरचे टोक उंच. म्हणून वान्स कंपनीच्या घरी बांधायच्या आरव्ही विमानांच्या मालिकेत व्हेंटची नळी आतल्या रिबमधून (पंखाच्या फासळीतून) टाकीत शिरून आतल्या आत बाहेरच्या टोकापर्यंत, झाकणाच्या जवळ जाते. शेपटीचाक असलेले विमान जमिनीवर नाक वर करून उभे असते, तेव्हा टाकीची पुढची कड उंच. उडताना, विशेषतः उतरताना, मागची. अशा टाकीत एकच व्हेंट पुढच्या कोपऱ्यात लावले तर भरल्या टाकीने उतरताना ते पेट्रोलात बुडते. छताच्या मध्यावर घ्या, किंवा दोन कोपऱ्यांतून दोन नळ्या काढून वर जोडा.

नळी टाकीतून निघाल्यावर आधी वर जावी, टाकीच्या छताहून उंच वळण घ्यावे आणि मगच खाली उतरावी. आरव्हीत ती फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) कडेने वर जाऊन मग बुडाशी येते. हे वळण नसेल तर भरलेली टाकी तापल्यावर पेट्रोल नळीत ढकलले जाते आणि सायफन सुरू झाला की नळीचे आतले टोक उघडे पडेपर्यंत थांबत नाही. आतले टोक छताला असेल तर अर्धा-एक लिटर जाईल. ते चुकून टाकीच्या निम्म्यात सोडलेले असेल तर निम्मी टाकी जमिनीवर.

वळणानंतर नळी तोंडापर्यंत सतत उताराची हवी, मध्ये कुठेही झोळ नको. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात रबरी किंवा प्लास्टिकची लवचीक नळी दोन क्लिपांमध्ये हमखास लोंबते. १० सेमी खोल झोळात पेट्रोल साठले तर ते ढकलून हवा पुढे जायला ०.७ किलोपास्कल लागतात. १०० नॉटला समोरचा दाब १.६ असल्याने मार्ग मोकळा होतो. ६० नॉटच्या चढाईत तो ०.६ च्या आत असल्याने होत नाही. दोष पुन्हा फक्त चढतानाच दिसणार. म्हणून शक्य तिथे ॲल्युमिनियमची ताठ नळी वापरावी आणि लवचीक तुकडा फक्त पंख व फ्युजलाजच्या सांध्यापुरता ठेवावा. पारदर्शक पीव्हीसी नळी पेट्रोलने कडक होऊन आक्रसते व सांध्यातून सुटते. ती व्हेंटलाही चालत नाही.

नळीची जाडी. पाव इंची नळीची पोकळी ०.०३५ इंच भिंत धरून साडेचार मिमी भरते. हवेला ती पुष्कळ झाली आणि बरीच विमाने तीवर वर्षानुवर्षे उडत आहेत. पण साधारण ५ मिमीहून अरुंद उभ्या नळीत पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे आडवा बसतो आणि स्वतःच्या वजनाने खाली येत नाही. पेट्रोलचा पृष्ठताण कमी असल्याने ते सुटते, पाणी सुटत नाही. आणि तेच पाणी वर थंडीत गोठते. नव्याने बांधत असाल तर ३/८ इंची ५०५२-ओ ॲल्युमिनियमची नळी घ्यावी, पोकळी ७.७ मिमी मिळते, वजनात फरक किरकोळ पडतो. फिटिंग एएन (विमानासाठीच्या) प्रकारचे असेल तर फ्लेअर, म्हणजे नळीचे पसरवलेले टोक, ३७ अंशांचा करा. मोटारीच्या कामाचे फ्लेअर-टूल ४५ अंशांचे असते आणि त्याने केलेला सांधा घट्ट वाटला तरी बसत नाही. धाग्यांना टेफ्लॉन टेप लावू नका, तिचे तुकडे सुटून गाळणीत जातात. पेट्रोल-रोधक थ्रेड सीलंट वापरा.

बाहेरचे तोंड पुढे वळवलेले, ४५ अंशांत कापलेले, कापाची उघडी बाजू हवेकडे. एक्झॉस्टच्या मागे नको, केबिनच्या हवेच्या झरोक्याच्या पुढे नको, ब्रेकच्या वर नको. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती खाली आणि मागे जाते, या हिशेबाने जागा निवडा. उंच पंखाच्या विमानात थेंब दाराच्या पॉलिकार्बोनेट काचेवर पडू देऊ नका. पेट्रोलने तिला बारीक तडे जातात. तोंडाच्या मागच्या बाजूला, हवेच्या आडोशाला, २ मिमीचे एक भोक पाडून ठेवण्याची पद्धत चांगली आहे : पुढचे तोंड बर्फाने बुजले तरी त्यातून हवा येते. त्याने समोरचा दाब किंचित कमी होतो, पण सौदा फायद्याचा आहे. गाळणीची जाळी असावी, पण दाट नको. दीड-दोन मिमीची छिद्रे पुरतात. कापडासारखी दाट जाळी धुळीने आणि दवाने आधी बुजते, आणि आपण जाळी लावली म्हणून निश्चिंत असतो.

जाळी मुख्यतः कुंभारीणीसाठी. चिखलाचे घर करणाऱ्या या माशीला ६ ते १० मिमीची नळी अगदी मापाची वाटते. विमान एक-दोन दिवस उभे राहिले तरी ती तोंडापासून बोटभर आत चिखलाचा पडदा घालते आणि बाहेरून बघणाऱ्याला नळी रिकामी दिसते. तोंडाला बूच मारणे हा त्यावर उपाय नाही. भरलेल्या टाकीचे व्हेंट बूच मारून बंद केले आणि विमान तापले तर दाब दुसरीकडून वाट काढतो, बहुधा झाकणाच्या रबरातून किंवा शिवणीतून. आणि बूच काढायचे राहिले तर वर सांगितलेले सगळे घडते. बाहेरून विरळ कापडी जाळीची टोपी घाला, तिला लांब लाल फीत लावा. टोपी राहून गेली तरी हवा जाईल अशीच ती असावी.

झाकण बंद करणारे हवे, त्याला भोक नको, आणि त्याचे सील शाबूत हवे. व्हेंटमधून समोरचा दाब आत येतो आणि झाकणाशी पंखावरची ओढ असते. सील गळके असेल तर या दोहोंमधला फरक पेट्रोलच्या फवाऱ्याला बाहेर काढतो. १०० एलएल हे विमानाचे पेट्रोल वापरणाऱ्यांना झाकणामागे निळसर ओघळ दिसतो, कारण त्या पेट्रोलला निळा रंग असतो. मोटारीच्या पेट्रोलला तो नसल्याने ओघळ वाळून जातो आणि फक्त रंगावर मळकट पट्टा उरतो. तो दिसला तर ओ-रिंग बदला. इथेनॉल असलेल्या पेट्रोलला फ्लुओरो-रबराची ओ-रिंग बरी. मोटरसायकलच्या किंवा बोटीच्या टाकीचे एकदिशा झडपेचे झाकण उचलून लावण्याची युक्ती टाळावी. ती झडप मुळात वाफ कोंडायला केलेली असते, रबर फुगले की चिकटते, आणि चिकटलेली झडप बाहेरून ओळखू येत नाही.

दोन टाक्यांची भानगड वेगळी. दोन्ही टाक्या एकाच वेळी उघड्या असताना कुठली आधी रिकामी होईल हे व्हेंटमधला दाब ठरवतो. पेट्रोलचा एक सेमी म्हणजे ७० पास्कल, आणि १०० नॉटच्या गतिज दाबाचा तो जेमतेम सव्वाचार टक्के आहे. म्हणजे डाव्या-उजव्या व्हेंटच्या जागेत किंवा कापात किंचित फरक पडला तरी पातळीत काही सेमीचा फरक दिसणारच. पसरट टाकीत काही सेमी म्हणजे कित्येक लिटर. तोंडे वाकवून-वाकवून जुळवत बसण्यापेक्षा दोन्ही टाक्यांच्या हवेच्या जागा वरून एका ८ मिमीच्या नळीने जोडा. ही जोडनळीही झोळाशिवाय आणि छताहून वरूनच नेलेली हवी, नाहीतर उतारावर उभ्या विमानात वरच्या टाकीतले पेट्रोल तिच्यातून खालच्या टाकीत आणि तिथून व्हेंटने जमिनीवर येते. कमी-पंखाच्या विमानात मात्र सिलेक्टरला (टाकी निवडण्याच्या खुंटीला) ‘दोन्ही’ ही जागाच ठेवू नका. एक टाकी संपली की पंपाला पेट्रोलपेक्षा हवा ओढणे सोपे जाते, आणि दुसऱ्या टाकीत वीस लिटर असताना इंजिन बंद पडते.

सीटमागे चार-पाच लिटरची हेडर टाकी (मुख्य टाकी आणि इंजिन यांच्यामधली छोटी टाकी) असेल तर तिलाही स्वतःची हवानळी लागते, आणि ती मुख्य टाकीच्या वरच्या भागात नेऊन सोडावी लागते. ही नळी नसेल तर पहिल्यांदा पेट्रोल भरताना हेडरच्या माथ्यावर हवेचा बुडबुडा अडकतो. हेडर निम्मीच भरते, पातळी दाखवणारी यंत्रणा मुख्य टाकीत असल्याने कुणाला पत्ता लागत नाही, आणि नाक खाली केले की निकास उघडा पडतो. पेट्रोल पूर्ण संपून परत भरल्यावर हे विशेष करून घडते. हेडरला उघड्या हवेत सोडलेले व्हेंट लावणे हा तर सरळ घात : हेडर मुख्य टाकीच्या खाली असते, पेट्रोल तिथूनच वाहून जाईल.

असाच एक प्रकार पातळी दाखवणाऱ्या काचनळीचा. तिचे वरचे टोक टाकीच्या हवेच्या जागेत जोडलेले हवे. ते केबिनमध्ये उघडे सोडले तर टाकीतला समोरचा दाब नळीत पेट्रोल चढवतो. १०० नॉटला २३ सेमी जास्त दाखवणारी पातळी, किंवा मांडीवर पेट्रोल.

आता तपासणी. गळती पाहायला कॉम्प्रेसर टाकीला लावू नये, कधीच नाही. व्हेंटला रंगीत पाणी भरलेली यू-नळी जोडा आणि तोंडाने किंवा हातपंपाने ३० सेमी पाण्याचा फरक येईतो हवा भरा. एवढ्यात साबणाच्या पाण्याने गळती दिसते. अर्ध्या चौरस मीटरच्या सपाट बाजूवर तेवढ्यानेही दीडशे किलोचा भार आलेला असतो. सावलीत करा, कारण टाकीतली हवा एक अंशाने तापली वा निवली तरी पाणी साडेतीन सेमी सरकते आणि नसलेली गळती दिसते, किंवा असलेली लपते.

प्रवाहाची चाचणी बहुतेक जण झाकण उघडे ठेवून करतात. मग तपासले काय? झाकण बंद ठेवा, टाकी भरलेली ठेवा, विमान जास्तीत जास्त चढाईच्या कोनात शेपटी टेकवून किंवा पुढचे चाक उचलून ठेवा, कार्ब्युरेटरची नळी सोडून मापाच्या भांड्यात पेट्रोल घ्या. उताराने येणाऱ्या यंत्रणेत टेकऑफच्या खपाच्या १५० टक्के आणि पंपाच्या यंत्रणेत १२५ टक्के प्रवाह मिळावा, असा त्याच नियमावलीतला दंडक आहे. २७ लिटरच्या इंजिनाला उताराने तासाला साडेचाळीस लिटर, म्हणजे एक लिटर दीड मिनिटाच्या आत. एका लिटरवर थांबू नका, दहा लिटर काढा आणि शेवटच्या लिटरचा वेळ पहिल्याशी ताडून पाहा. पातळी उतरल्याने पडणारा थोडा फरक सोडला तर वेळ वाढत जाता कामा नये. मग पुन्हा भरून तेच झाकण उघडे ठेवून करा. दोन आकड्यांत फरक आला तर व्हेंटमध्ये अडथळा आहे. हे काम उघड्यावर, विमान व भांडे दोन्ही तारेने जमिनीशी जोडून (अर्थिंग करून), अग्निशामक हाताशी ठेवून करायचे, हे वेगळे सांगायला नको.

पहिल्या काही उड्डाणांत दोन्ही टाक्या निम्म्या भरून, बॉल (विमान आडवे सरकते का ते दाखवणारी गोळी) मध्यावर ठेवून, अर्धा तास सरळ पातळीत उडवा आणि दोन्हीकडून किती गेले ते मोजा. विमान थोडे जरी आडवे सरकत असेल तर मोजणी फुकट, कारण मग एका व्हेंटला हवा तिरकी मिळते.

उड्डाणापूर्वीच्या फेरीत व्हेंटकडे नुसते पाहून भागत नाही. स्वच्छ रबरी नळीचा तुकडा तोंडाला लावून हळू फुंका. मोकळ्या व्हेंटमध्ये फुंकर थोडी आत जाते, मग हळूहळू प्रतिकार वाढतो आणि नळी सोडली की हवा परत बाहेर येते. सुरुवातीपासूनच काही आत जात नसेल तर नळी बुजली आहे. फुंकर जातच राहिली आणि परत काही आलेच नाही तर झाकण किंवा एखादा सांधा गळतो आहे. टाक्या वरून जोडलेल्या असतील तर दोन्ही झाकणे तपासा. वाफ श्वासात घेऊ नका, नळीतून तोंड लगेच काढा.

आणि उतरल्यावर झाकण उघडताना कान द्या. हवा आत खेचली गेल्याचा फुस्स आवाज आला तर त्या टाकीचे व्हेंट काम करत नाही, इंजिन कितीही छान चाललेले असो. झाकण परत लावून पुढच्या फेरीला निघू नका. नळी तोंडापासून टाकीपर्यंत सोडवून तिच्यातून तार फिरवा.

आपले,
हौशी विमानबांधणी करणारे काही वाचक